‘ह्ये गेम बी तसलंच हाय का रं?’ मामाचा प्रश्न आणि माझं अर्धवट उत्तर

एपिसोड ऐकायला वेळ नसेल किंवा एसटीत बसल्यावर हेडफोन घरी राहिल्याचं लक्षात आलं असेल, तर ही त्याची लेखी आवृत्ती. बोलताना माझ्या तोंडात शंभर वेळा येणारं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय, बाकी तेच. ऑडिओत मधूनमधून ट्रॅक्टरचा आवाज आहे, कारण रेकॉर्डिंग पुण्याच्या खोलीत नाही, कळंब तालुक्यात मामाच्या घरी केलंय. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका.

विषय गेमिंगचा आहे. पण ‘टॉप टेन गेम्स’वाला एपिसोड नाही हा.

जून २०२५ ची गोष्ट. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातलं एक तरुण कुटुंब संपल्याची बातमी आली. घरातला कर्ता माणूस ऑनलाइन रमीत हरत गेला होता, कर्ज झालं होतं, असं सगळ्या बातम्यांत होतं. नावगाव मी घेणार नाही. जिल्ह्यात त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. त्याच रात्री मामाचा फोन आला. माझा मामेभाऊ सतरा वर्षांचा, बारावीला. मामा म्हणाला, “ह्ये रातच्याला दोन-दोन तास मोबाईल घेऊन बसतंय. कानात घालून एकटंच वरडतंय, ‘गाडी घे, गाडी घे’. ह्ये गेम बी तसलंच हाय का रं? तू इंजिनिअर हाईस, खरं सांग.”

मी ऑफिसच्या कॉलवर होतो. घाईत म्हणालो, “नाही मामा, तो वेगळा गेम आहे. त्यात पैसे नसतात.”

सप्टेंबरमध्ये मामा बँकेतून पासबुक भरून आला. त्यात छोट्या छोट्या रकमांच्या ओळीच्या ओळी. ८९ रुपये, ८९ रुपये, ४४९ रुपये, परत ८९. बेरीज तीन हजारांच्या वर गेली. मामेभावाने मामाच्या फोनवरून यूपीआयने भरले होते. मामा मला रागावला नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, “तू तर म्हणालास वेगळा गेम हाय.”

गेम वेगळाच होता, ते खोटं नव्हतं. पण ‘त्यात पैसे नसतात’ हे मात्र साफ चूक. आजचा एपिसोड म्हणजे त्या फोनवर मी द्यायला हवं होतं ते उत्तर. आणि ते मला इंजिनिअर म्हणून सुचलेलं नाही, गेम खेळणाऱ्या पोरांशी बोलून सुचलंय. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्यापेक्षा या धंद्याबद्दल त्यांची मतं जास्त स्पष्ट आहेत. फक्त घरात त्यांना कुणी विचारत नाही.

आधी रमीचं बघू, म्हणजे ते बाजूला ठेवता येईल.

घरात ‘गेम’ हा एकच शब्द आहे. रमी गेम, पबजी गेम, लहानपणी खेळलेला साप पण गेम. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतला तो व्हिडिओ आठवत असेल. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळतायत असा आरोप झाला. त्यांचं म्हणणं होतं की मी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेलं बंद करत होतो. पुढे कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. त्यावर मीम किती आले ते तुम्हाला सांगायला नको. पण त्या सगळ्या गोंधळात टीव्हीवर शब्द एकच, ‘मोबाईल गेम’. आमच्या ग्रुपमधली पोरं तेव्हा वैतागली होती, आणि बरोबर वैतागली होती.

रमीच्या ॲपचं गणित असं. समजा तू आणि मी शंभर-शंभर रुपये लावले. टेबलावर दोनशे. ॲपवाला समजा दहा टक्के स्वतःला काढून घेतो. जिंकणाऱ्याला एकशे ऐंशी. त्याच पैशात परत खेळलो, परत दहा टक्के. सातव्या डावाला आपल्या दोघांचे मिळून शंभरही राहत नाहीत. आपल्यात कुणी कितीही हुशार असो, टेबल रोज बारीक होत जातं. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दावर हा धंदा अनेक वर्षं उभा राहिला. पण कौशल्य कुणाचंही असलं तरी कमिशन ॲपचंच. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला, म्हणजे टेबल आणखी बारीक.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता दिलीय. ई-स्पोर्ट्सवाले कधीपासून हेच म्हणत होते, की आम्हाला रमीच्या ताटात वाढू नका.

(तुमच्या ओळखीत कुणी या रमीच्या कर्जात असेल आणि बोलायला माणूस नसेल, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे. नंबर सेव्ह करून ठेवा, लाजण्यासारखं काही नाही.)

आता मामेभावाचा गेम. इथे रमीसारखं जिंकून पैसे मिळत नाहीत, तर कंपनीला पैसा येतो कुठून?

आमच्याकडे हे गेम कसे आले ते आधी सांगतो. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ ला पबजी मोबाईल भारतात आला. शंभर जण, मोठं बेट, अर्ध्या तासाचा सामना. त्याला बऱ्यापैकी फोन लागायचा. ज्यांच्याकडे दोन जीबी रॅमचा फोन होता त्यांनी फ्री फायर घेतला. पन्नास जण, दहा मिनिटांत खेळ खलास, साध्या फोनवर पण पळतो. कॉलेजच्या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बसणारा गेम. तेव्हा ज्याच्या हातात जो फोन, तो त्या गेमचा भक्त, आणि दोन्हीकडचे एकमेकांना नावं ठेवणार. खरं तर भांडण फोनच्या किमतीचं होतं. आजही बीजीएमआयमध्ये नव्वद किंवा एकशेवीस एफपीएस ठरावीक फोनवरच मिळतं. समोरच्याला हालचाल गुळगुळीत दिसते, तुला तुटक. म्हणून पोरं म्हणतात, “दादा, स्किल वगैरे ठीक आहे, आधी फोन विचार.”

दोन्ही गेम फुकट. बहुतेक पोरं एक रुपया न देता वर्षानुवर्षं खेळतात. पैसे देणारे थोडे असतात, पण ते भरपूर देतात. इंडस्ट्रीत अशा गिऱ्हाइकाला ‘व्हेल’ म्हणतात, देवमासा. सगळी दुकानदारी या देवमाशासाठी सजवलेली असते. आपण बाकीचे त्याच्याभोवतीचं पाणी. पाणी नसेल तर मासा येणार नाही, म्हणून आपल्याला रोजची लॉगिनची बक्षिसं मिळतात.

विकतात काय? कपडे, बंदुकीचे रंग, नाचायच्या स्टेप. ते पण सरळ विकत नाहीत. आधी रुपये देऊन यूसी किंवा डायमंड घ्यायचे. पाकिटाची मापं आणि वस्तूच्या किमती सहसा अशा असतात की थोडे कायम उरतात किंवा थोडे कायम कमी पडतात. हे चुकून होत नाही. उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून परत पाकीट घेतलं जातं. आणि एकदा रुपयाचे डायमंड झाले की ८९ रुपये गेले असं वाटत नाही, डायमंड गेले असं वाटतं.

मग क्रेट. यातून काय निघेल ते आधी माहीत नाही. येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत रिंग टाकायचा स्टॉल बघितलाय ना? मांडलेलं घड्याळ दिसतं, रिंग साबणावर पडते. तिथे निदान आपला हात तरी असतो. क्रेटमध्ये चाक फिरतं, लाइट चमकतात, पण निकाल बटण दाबलं त्याच क्षणी सर्व्हरवर लागलेला असतो. फिरणारं चाक हे नाटक आहे. ‘थोडक्यात हुकलं’ असं जे वाटतं ते पण ॲनिमेशन करणाऱ्याचं कसब.

गणित करू. समजा हवी ती वस्तू निघायची शक्यता एक टक्का आहे. पोरांना वाटतं शंभर क्रेट उघडले की मिळणारच. नाही. प्रत्येक वेळी न मिळायची शक्यता नव्व्याण्णव टक्के. ती शंभर वेळा एकमेकीने गुणली की उरते साधारण सदतीस टक्के. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी शंभर क्रेट उघडले, तर त्यातले सदतीस जण एवढं करूनही हात हलवत बसणार. हल्ली काही ठिकाणी ‘इतक्या वेळानंतर नक्की’ अशी हमी असते. मग त्या हमीपर्यंतचा पूर्ण खर्च म्हणजेच त्या कपड्याची खरी किंमत. तो आकडा कुणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

हे मी मामाला ओसरीवर बसून कागदावर करून दाखवलं. मामा बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, “म्हंजे आत काय हाय ते न सांगता पोतं इकतेत. आरं, सोयाबीनच्या पिशवीवर सुदिक उगवणशक्ती छापलेली आसती की.”

मी गप्पच झालो. कारण जगभरचे गेमर अनेक वर्षं नेमकं हेच मागतायत. चीनमध्ये २०१७ पासून अशा पेट्यांतल्या वस्तूंची शक्यता जाहीर करणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ॲपलने आपल्या स्टोअरवर तसाच नियम आणला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या काही गेममधल्या पेट्या जुगारातच मोजल्या. आता बऱ्याच गेममध्ये टक्के लिहिलेले असतात, पण ‘आय’च्या बारीक चिन्हामागे. उघडून बघा एकदा. उगवणशक्ती वाचल्याशिवाय पेरू नका.

इथे पोरांचा एक जुना वाद आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. बीजीएमआयच्या स्किनने बंदूक दिसायला बदलते, मारा तोच राहतो. फ्री फायरच्या बंदुकीच्या स्किनने मारा, वेग, रेंज असं काहीतरी बदलतं. ‘पे टू विन’ म्हणतात ते हेच, पैसे टाकलेल्याची बंदूक जास्त लागते. फ्री फायरवाले म्हणतात, फरक थोडाच असतो, हेडशॉट मारता आला पाहिजे. माझं मत विचाराल तर कपडे विकणं चालेल, गोळी विकणं नाही. सोन्याची पगडी घालून कुस्तीला या, हरकत नाही. वजनगटात गडबड करायची नाही.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळाली, ती पैशाचीच, पण वेगळ्या बाजूने. विकत घेतलेलं आपलं असतं का?

तारखा बघा. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय आणला, जुन्या अकाउंटचा डेटा हलवायची सोय दिली. २८ जुलै २०२२ ला तोही बंद. मे २०२३ ला परत. फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद, फ्री फायर मॅक्स मात्र चालू. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फ्री फायर इंडिया’ची घोषणा झाली, धोनीचा चेहरा, ५ सप्टेंबर तारीख ठरली, आणि मग लाँच पुढे ढकललं ते ढकललंच. बंदीची सरकारी कारणं डेटा आणि देशाच्या सुरक्षेची होती, त्या वादात मी पडत नाही. पण तीन वर्षं साठवलेलं कपाट एका संध्याकाळी कुलूपबंद होतं, आणि त्याची पावती कुणाकडे मागायची तेच कळत नाही, हे पोरांचं दुःख खोटं नाही. आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी सातबारा जागेवर राहिला. गेमच्या अकाउंटचं तसं नाही.

त्याचं कारण, आपण वस्तू घेतच नाही, वापरायची परवानगी घेतो. सर्व्हर बंद तर परवानगी गेली. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गेमचं पण हेच होतं. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ नावाच्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि विकत घेतलेला गेम लोकांच्या हातात मेला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपातल्या त्यांच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे. बंद करायचा तर करा, पण चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा.

मग गेमरच्या मताला किंमत आहे का नाही? आहे, पण सगळीकडे सारखी नाही. ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याचं ऐकलं जातं.

नोव्हेंबर २०१७ ला ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू’ येणार होता. पूर्ण किमतीचा गेम, वर आणखी पेट्या. लोक इतके चिडले की ईए कंपनीला बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली पैशाची खरेदी थांबवावी लागली. दुसरं उदाहरण आपल्या दारातलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे होतं. सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला. ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीका झाली, तारीख पुढे गेली, परत गेली, आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवलं. आपल्याकडच्या पोरांचं काम गेलं म्हणून तेव्हा मला वाईट वाटलं होतं. ट्रेलर बघून मी पण तोंड वाकडं केलं होतं हेही खरं.

त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या टीमचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आला. एकदा पैसे द्या, पूर्ण गोष्ट खेळा, पेट्या-बिट्या काही नाही. गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमच्या नामांकनात होता तो. आमच्या ग्रुपमध्ये किती जणांनी विकत घेतला? मी धरून दोघांनी. बाकीच्यांनी यूट्यूबवर बघितला. क्रेटमध्ये चार-पाचशे घालणारा पोरगा पूर्ण गेमसाठी तेवढेच द्यायला का कू करतो, हे आपल्याबद्दलचं मत मी इथेच मांडून ठेवतो. फोनवरच्या फुकटच्या सवयीत आपलाही हात आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला, तोही फुकटच ठेवावा लागला. फोनवर विकत घेणारा गिऱ्हाईक नसेल तर बिचारे दुसरं काय करणार?

आता परत मामाच्या घरी. मामा फोन काढूनच घेणार होता. मामेभाऊ म्हणाला, “दादा, मी रमी खेळलो नाही, तरी घरात सगळे माझ्याकडे तसंच बघतेत.” मग तिघांनी बसून ठरवलं. मामाच्या यूपीआयचा पिन बदलला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं केलं. ऑटोपेमध्ये काही चालू राहिलंय का ते तपासलं. हे तुम्ही पण आजच करा, पाच मिनिटांचं काम आहे. क्रेट पूर्ण बंद. सीझनचा पास चालेल, कारण त्यात काय मिळणार ते आधी दिसतं आणि किंमत एकच आहे, पण तो स्वतःच्या पैशातून. पासबुकातली रक्कम त्याने दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनच्या राशीवर काम करून फेडायची. मी मामाला सांगितलं, की २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा अठराच्या आतल्या पोरांना दिवसाला तीन तास खेळ आणि जास्तीत जास्त ७००० रुपये खर्च अशी मर्यादा होती. तीन तास ऐकून मामाने मान हलवली. ७००० ऐकून म्हणाला, “म्हैन्याला?”

मी म्हणालो, दिवसाला. मामा उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

गेल्या रविवारी त्याच्या स्क्वॉडची ऑनलाइन मॅच होती. फी नाही, बक्षीस नाही, तालुक्यातल्या पोरांनीच भरवलेली. रेकॉर्डिंगसाठी मी इथेच होतो. पिंग सुरुवातीला साठ होतं. कळंब ते मुंबई प्रकाशाला केबलमधून जाऊन परत यायला चार-पाच मिलिसेकंद पुरतात, बाकीचा वेळ टॉवरच्या गर्दीत आणि रस्त्यातल्या वळणांत जातो. मग आभाळ आलं, वारं सुटलं, पिंग एकशेचाळीस, आणि शेवटचे आठ जण उरले असताना लाईट गेली. वायफाय बंद, मोबाईलचा डेटा पकडेपर्यंत गडी मेला होता.

मामा दारातून म्हणाला, “हरला का?”

“लाईट गेली पप्पा.”

“मग त्यात तुजा काय दोष,” मामा म्हणाला, आणि कंदील शोधायला आत गेला.